‘द सिम्पसन्स’चा तिसरा सीझन, २४ भाग, अडीच जीबी

काम एका वाक्यात सांगता येतं. अमेरिकेत २००३ च्या ऑगस्टमध्ये निघालेला ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा चार डीव्हीडींचा संच हातात आहे. त्यातले २४ भाग लहान पण स्वच्छ फाइलींमध्ये उतरवायचे, म्हणजे जुन्या लॅपटॉपवर, फोनवर, टीव्हीला लावलेल्या पेन ड्राइव्हवर कुठेही चालतील आणि पुन्हा चकत्यांना हात लावावा लागणार नाही. अशा कामात बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोडेक कुठला?’ कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत. हा प्रश्न खरं तर सातवा-आठवा आहे. फाइल लहान होणार की नाही, हे कोडेकपर्यंत पोचण्याआधीच ठरलेलं असतं.

तिसराच सीझन का, याला कारण आहे. याचा पहिला भाग ‘स्टार्क रेव्हिंग डॅड’ (१९ सप्टेंबर १९९१) निर्मात्यांनी मार्च २०१९ मध्ये वितरणातून काढून घेतला. त्यात मायकल जॅक्सनचा आवाज आहे, आणि त्याच्यावरच्या आरोपांचा माहितीपट तेव्हा नुकताच आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्ने प्लस सुरू झालं तेव्हा तो भाग तिथे नव्हताच. जे भाग होते तेही कापलेले होते. जुन्या टीव्हीचं ४:३ चं चित्र आजच्या रुंद १६:९ पडद्यात बसवायचं तर रुंदी तीच ठेवून उंचीचा बरोबर चौथा हिस्सा छाटावा लागतो. चौथ्या सीझनमधल्या ‘डफलेस’ भागात डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय या तिन्ही बिअरच्या टाक्या एकाच पाइपातून भरतात, हा अख्खा विनोद त्या छाटलेल्या वरच्या पट्टीत होता. ४:३ चा पर्याय मे २०२० मध्ये आला, पण तोवर ‘मूळ चकती हातची सोडू नये’ हे चकत्या जपून ठेवणाऱ्यांचं म्हणणं आपोआप सिद्ध झालं होतं. डीव्हीडीवर चित्र पूर्ण आहे आणि पहिला भागही आहे.

चकतीवर नेमकं काय आहे

दोन थरांच्या डीव्हीडीत साधारण साडेआठ जीबी मावतात. एका चकतीवर सरासरी सहा भाग आणि वर थोडंफार पूरक साहित्य, म्हणजे एका भागाच्या वाट्याला ढोबळ १ जीबी. चित्र ७२० बाय ४८० पिक्सेल, सेकंदाला २९.९७ फ्रेम, कोडेक एमपेग-२. सोबत डॉल्बी डिजिटलमधला इंग्रजी आवाज, इतर भाषांचे ट्रॅक, प्रत्येक भागावर निर्मात्यांची कॉमेंट्री आणि चित्ररूपातली सबटायटल्स.

इथे एक सावधगिरी. भारतात विकली जाणारी चकती रीजन ५ ची (रीजन म्हणजे चकती जगाच्या कुठल्या भागासाठी, तो क्रमांक) आणि पाल या टीव्ही पद्धतीची असते, युरोपातली रीजन २ ची पाल. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम असल्यामुळे २३.९७६ वर बनलेला कार्यक्रम चार टक्के जोरात पळवलेला असतो. साडेबावीस मिनिटांचा भाग २१ मिनिटं ३५ सेकंदांत संपतो आणि कुटुंबप्रमुख होमरचा आवाज जवळजवळ पाऊण सेमीटोन चढतो. कुणाकडे पाल संच असेल तर पुढचं पुलडाऊनचं (फ्रेम वाढवून टीव्हीच्या वेगाला बसवण्याचं) प्रकरण त्याला सहसा लागू होत नाही, त्याचं दुखणं वेगळं आहे. वेग परत २३.९७६ वर आणायचा, आवाजही त्याच प्रमाणात ताणायचा आणि सबटायटल्सच्या वेळा १.०४२७ ने गुणायच्या. इथून पुढचं सगळं अमेरिकी, म्हणजे एनटीएससी या तिथल्या टीव्ही पद्धतीच्या संचाबद्दल.

उतरवून घेणं

मेकएमकेव्हीसारख्या साधनाने चकतीवरचं टायटल (एक स्वतंत्र व्हिडिओ) जसंच्या तसं एमकेव्ही पेटीत, म्हणजे चित्र, आवाज आणि सबटायटल्स एकत्र ठेवणाऱ्या फाइलीत, घेता येतं. या टप्प्यावर काहीही दाबलं जात नाही, एमपेग-२ चा एक बिटही बदलत नाही. चकती उघडली की टायटलांची लांबलचक यादी दिसते आणि तिथे दोन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली, ‘प्ले ऑल’. सगळे भाग एकापाठोपाठ लावणारं सव्वादोन तासांचं एक टायटल असतं आणि तेच भाग सुटेही असतात. दोन्ही घेतले की जागा दुप्पट जाते. मोठं टायटल घेऊन नंतर कापायला गेलं तर काप कीफ्रेमवर (स्वतःत पूर्ण असलेल्या फ्रेमवर) पडत नाही आणि भागाच्या सुरुवातीचं अर्धं सेकंद शेजारच्या भागात जातं. सुटी टायटलंच घ्यावीत. त्यासाठी किमान लांबीची अट २० मिनिटं आणि कमाल अट ३० मिनिटं डोळ्यांनी लावली की पुरतं.

दुसरी चूक क्रमाची. टायटलचा क्रमांक म्हणजे भागाचा क्रमांक नव्हे. शिवाय सिम्पसन्सचे दोन क्रम आहेत, प्रसारणाचा आणि निर्मितीचा. तिसऱ्या सीझनचे निर्मिती संकेतांक ८एफ ने सुरू होतात, पण त्यातल्या ‘स्टार्क रेव्हिंग डॅड’चा संकेतांक ७एफ२४ आणि ‘व्हेन फ्लँडर्स फेल्ड’चा ७एफ२३ आहे. म्हणजे हे दोन्ही भाग दुसऱ्या सीझनच्या निर्मितीतले मागे राहिलेले. शेवटचा ‘ब्रदर, कॅन यू स्पेअर टू डाइम्स?’ इतर भाग मेमध्ये संपल्यावर थेट २७ ऑगस्ट १९९२ ला दाखवला गेला, त्यामुळे कुणी तो चौथ्यात ढकलतं. फाइलच्या नावात प्रसारणक्रम आणि निर्मिती संकेतांक दोन्ही घातले की हा वाद संपतो: ‘सिम्पसन्स - ३x०१ - स्टार्क रेव्हिंग डॅड - ७एफ२४’.

२४ एमकेव्ही फाइली तयार झाल्या की लगेच, दुसरं काहीही करण्याआधी, प्रत्येकीचा एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा ठसा) काढून साध्या मजकूर फाइलीत ठेवायचा. चकती वाचताना ओरखड्यामुळे एखादा सेक्टर गेला असेल तर साधन लॉगमध्ये तसं सांगतं. तो लॉग न वाचता खिडकी बंद करणं ही सर्वांत महाग घाई, कारण बिघडलेला तुकडा महिन्यांनी दिसतो आणि तोवर चकती कुठेतरी खोक्यात गेलेली असते. वाचन अडलं तर चकती मऊ कापडाने मधून कडेकडे पुसायची (गोल गोल नाही) आणि दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये टाकून बघायची. ड्राइव्ह बदलल्याने सुटलेल्या चकत्या पुष्कळ.

पाच फ्रेमची गोष्ट

आता खरं काम. हा कार्यक्रम त्या काळी सेलवर (पारदर्शक तावांवर) रंगवून सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने तयार व्हायचा. अमेरिकी टीव्ही सेकंदाला ५९.९४ फिल्ड दाखवतो, फिल्ड म्हणजे अर्धं चित्र, एकाआड एक ओळींचं. मग २४ चे ६० कसे करायचे? एक फ्रेम दोन फिल्डना, पुढची तीन फिल्डना, पुन्हा दोन, पुन्हा तीन. हाच ३:२ पुलडाऊन. चार मूळ फ्रेमची पाच व्हिडिओ फ्रेम होतात. त्यातल्या तीन स्वच्छ असतात आणि दोनमध्ये शेजारच्या दोन चित्रांच्या ओळी एकमेकींत विणलेल्या असतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एमपीव्ही प्लेअरमध्ये फाइल उघडा आणि पूर्णविरामाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. व्हीएलसी वापरत असाल तर आधी डीइंटरलेस (अर्ध्या चित्रांवरून पूर्ण फ्रेम बनवणं) पूर्ण बंद करा, नाहीतर तो स्वतःच फ्रेम सारवून दाखवतो आणि आपण ‘सगळं ठीक आहे’ म्हणून मोकळे होतो. होमरचा मुलगा बार्ट धावत असेल तिथे थांबा. एक फ्रेम स्वच्छ, दुसरी स्वच्छ, तिसरीत त्याच्या टोकदार केसांना कंगव्याचे दात फुटलेले, चौथीत तेच, पाचवी पुन्हा स्वच्छ. हा ताल दिसला की चकतीवर ‘हार्ड’ टेलिसिन आहे, म्हणजे पुलडाऊन चित्रातच मुरलेला. दात कुठेच दिसत नसतील आणि प्लेअर २३.९७६ दाखवत असेल तर पुलडाऊन फक्त सूचनेच्या रूपात आहे, म्हणजे ‘सॉफ्ट’, आणि निम्मं काम वाचलं. एका डीव्हीडीत दोन्ही मिसळलेलेही सापडतात, म्हणून चारही चकत्यांवरचा किमान एकेक भाग असा तपासावा. एफएफएमपेग या व्हिडिओ-साधनातला आयडेट फिल्टर अशा विणलेल्या फ्रेमचे आकडे देतो, पण निकाल डोळ्यांनीच द्यावा.

फाइलीच्या आकाराशी याचा थेट संबंध आहे. साडेबावीस मिनिटांच्या भागात २९.९७ च्या हिशेबाने ४०,४६० फ्रेम होतात, २३.९७६ च्या हिशेबाने ३२,३६८. एका भागामागे आठ हजारांहून जास्त फ्रेम फुकट, आणि ज्या उरतात त्यांतल्याही अनेकींत कंगव्याचे दात. ॲनिमेशनमध्ये सपाट रंग आणि ठळक रेषा असतात, कोडेकला ते फार आवडतं. दात मात्र त्याला सर्वांत नावडतं काम, कारण आडव्या बारीक रेषा म्हणजे उच्च वारंवारतेचा कचरा. पुलडाऊन न काढता कुठलंही आधुनिक कोडेक लावलं तरी फाइल फुगते आणि चित्रही भुताळलेलं येतं.

हँडब्रेक हे रूपांतराचं साधन वापरणाऱ्यांची इथे फसगत होते. त्यातल्या नेहमीच्या सेटिंगमध्ये डीकॉम्ब चालू असतं आणि पुलडाऊन काढणारं डिटेलिसिन बंद. डीकॉम्ब दातवाल्या फ्रेम ओळखून सारवतो, पण जास्तीची फ्रेम काढत नाही. निकाल २९.९७ चाच राहतो, दर पाचांत दोन फ्रेम मऊ, आणि कॅमेरा सरकताना चित्र अडखळतं. ‘रिप धूसर आहे’ ही तक्रार आली की नव्वद टक्के वेळा गुन्हेगार हाच.

योग्य क्रम असा: आधी फिल्ड जुळवणारा फिल्टर (एफएफएमपेगमध्ये फिल्डमॅच, व्हेपोरसिंथमध्ये व्हीएफएम), मग जुळवूनही दात राहिलेल्या फ्रेमपुरताच डीइंटरलेसर, आणि शेवटी दर पाचांतली एक दुबार फ्रेम काढणारा डेसिमेट. फिल्डमॅच हा तोडफोड करणारा फिल्टर नाही. शेजारच्या फ्रेममधून योग्य अर्धं चित्र उचलून तो मूळ सेल जशीच्या तशी जोडतो. डीइंटरलेसर मात्र अर्धं चित्र अंदाजाने भरतो, म्हणून त्याला फक्त उरलंसुरलं द्यायचं.

उरलंसुरलं कुठे येतं? संकलनाच्या कटवर. व्हिडिओ टेपवर संकलन झालेलं असेल तर कट २:३ च्या तालात कुठेही पडतो आणि ताल मोडतो. कटच्या आधी फिल्डची जोडीच उरत नाही, एकच अनाथ फिल्ड राहतं. असं दर कटला एखाददुसऱ्या फ्रेमचं नुकसान मान्य करायचं. त्याच्यामागे लागून आठवडा घालवण्यात अर्थ नाही.

डेसिमेटचा सापळा जास्त गमतीचा आहे आणि तो ॲनिमेशनपुरताच आहे. बहुतेक हालचाल ‘टूज’वर काढलेली असते, म्हणजे एक चित्र दोन फ्रेमना, सेकंदाला १२ चित्रं. पुलडाऊननंतर पाच फ्रेममध्ये अ-अ-ब-ब-ब असा प्रकार होतो. डेसिमेटला यातली एकच काढायची आहे, ब ची तिसरी. पण तो सर्वांत सारखी दिसणारी जोडी शोधतो. चित्र स्थिर असेल तर अ-अ मधला फरकही शून्याजवळ आणि ब-ब मधलाही. एखाद वेळी तो अ काढतो. मग अ एक फ्रेम आणि ब तीन फ्रेम. पात्र बोलत उभं असताना हे कुणाला कळत नाही. कॅमेरा सरकत असताना पात्र टूजवर आणि पार्श्वभूमी दर फ्रेमला हलते, तिथे चूक क्वचितच होते, कारण सरकणारी पार्श्वभूमी खरी दुबार फ्रेम उघडी पाडते. धोका मधल्या दृश्यात असतो, हळू सरकणाऱ्या. फिल्मचा बारीक दाणा इथे मदतीला येतो. खऱ्या दुबार फ्रेममध्ये दाणाही जवळपास तोच असतो, टूजवरच्या दोन फ्रेममध्ये वेगळा. म्हणून नियम: दाणा कमी करणारा फिल्टर डेसिमेटच्या नंतर, आधी कधीच नाही. आधी लावला तर डेसिमेटचा एकमेव पुरावा पुसला जातो.

तपासणीसाठी सीझनभर हिंडायची गरज नाही, सुरुवातीचं शीर्षकदृश्य पुरेसं आहे. ढगांतून नाव पुढे येतं, कॅमेरा इंग्रजी ‘पी’च्या पोकळीतून आत शिरतो आणि शाळेकडे उतरतो. आकाशाच्या निळ्या उतारावर रंगांच्या पायऱ्या दिसतात का, हे इथेच कळतं. थोडं पुढे गावातल्या गर्दीवरून कॅमेरा झपाट्याने पळतो. तो पल्ला एकेक फ्रेम करून बघायचा. दर फ्रेमला सरकण्याचं अंतर सारखं असेल तर पुलडाऊन नीट निघाला. मध्येच एक फ्रेम जागची हलली नसेल, किंवा एक उडी दुप्पट असेल, तर नाही.

एक शेवटची चूक इतकी साधी आहे की सांगायला लाज वाटावी, पण होते. फ्रेमदर ‘२४’ असा टाइप करणं. खरा दर २४००० भागिले १००१. गोल २४ लिहिलं की ३२,३६८ फ्रेम १.३५ सेकंद आधी संपतात. सुरुवातीला सगळं जुळलेलं, शेवटच्या दृश्यात ओठ पुढे आणि आवाज मागे. लोक मग आवाजाला ठोकळ ‘डिले’ लावतात आणि सुरुवात बिघडवतात.

मळ आणि रंग

सेलवरची धूळ, फ्रेमची किंचित थरथर, रंगाचा डाग हा या काळच्या ॲनिमेशनचा भाग आहे. मालिकेने संगणकावर रंगवणं कायमचं स्वीकारलं ते २००२ च्या सुमारास, चौदाव्या सीझनपासून. त्याआधी ‘रेडिओॲक्टिव्ह मॅन’ आणि ‘टेनिस द मेनेस’ हे भाग प्रयोग म्हणून तसे झाले होते. तिसरा सीझन पूर्ण हाताने रंगवलेला आहे. त्याला प्लॅस्टिकसारखं गुळगुळीत करणं म्हणजे जुन्या वाड्याला ऑइल पेंट लावणं. हलका, काळाच्या दिशेने चालणारा, म्हणजे शेजारच्या फ्रेम ताडून दाणा कमी करणारा डीनॉइज पुरे. रेषा मेणासारख्या वितळल्या किंवा पात्र हललं की मागे सावली ओढली गेली, तर जास्त झालं.

ठळक रेषांच्या कडेला ठिपक्यांची मुंग्यांसारखी रांग सरकताना दिसली, तर तो डॉट क्रॉल. रंग आणि प्रकाशाचा सिग्नल कधीकाळी एकाच तारेतून गेल्याची ती खूण. त्याचे काही फिल्टर (टीकॉम्ब हा त्यातला जुना) अनटच्ड, अजून पुलडाऊन न काढलेल्या चित्रावरच नीट चालतात, म्हणजे इथे क्रम उलटा. दिसत नसेल तर लावू नये. ‘असू दे’ म्हणून लावलेला प्रत्येक फिल्टर काहीतरी खातो.

रंगाची कसोटी पहिल्याच भागात आयती मिळते. बार्टची लाल टोपी पांढऱ्या कपड्यांत धुतली जाते आणि होमरचे शर्ट गुलाबी होतात. पिवळी कातडी, गुलाबी शर्ट, शेजारी शेजारी. हा रंग डीव्हीडीवर आणि आपल्या फाइलीत एकाच वेळी लावून बघा. पिवळा जरा वेगळा झाला असेल तर रंगाचं मॅट्रिक्स (रंग काढण्याचं सूत्र) चुकलंय. डीव्हीडी बीटी.६०१ वापरते, एचडी बीटी.७०९. फाइलीत ६०१ ची नोंद लिहायची. न लिहिता कुणी चित्र ७२० ओळींपर्यंत मोठं केलं की प्लेअर ७०९ समजून बसतो.

मोठं करण्याबद्दल मत स्पष्ट आहे: संग्रहाच्या प्रतीत करू नये. एआयने वाढवलेल्या चित्रात दूरच्या पात्रांचे डोळे नवे काढलेले असतात, दुकानांवरच्या पाट्यांची अक्षरं लिपीच बदलतात. आणि या मालिकेत निम्मे विनोद त्या पाट्यांवर आहेत. टीव्ही पडद्यावर ताणून दाखवतोच, ते काम त्याला करू द्या.

काळ्या कडा कापताना चारी बाजूंना सम संख्येत कापा आणि तेही पुलडाऊन काढल्यानंतर. गुणोत्तराची नोंद ठेवली की ७२० किंवा ७०४ बाय ४८० चं चित्र पडद्यावर ४:३ दिसतं. पिक्सेल चौरस करण्यासाठी ६४० वर आणायची गरज नाही. ती एक जादा घडी.

आता कोडेक

शतकाच्या सुरुवातीला नेटवर फिरणारा अर्ध्या तासाच्या मालिकेचा भाग बहुधा १७५ एमबीचा असायचा. चित्राशी त्याचा संबंध नव्हता. ७०० एमबीच्या सीडीवर चार भाग बरोबर बसावेत म्हणून. तासाभराच्या मालिकेला ३५०. सीडी गेली तरी ‘एवढ्या एमबीत बसवा’ ही सवय राहिली. ठरावीक आकाराला बांधलं की शांत भागाला उगाच जास्त बिट मिळतात आणि गर्दीच्या भागाचे ठोकळे होतात. म्हणून आकार नाही, दर्जा स्थिर ठेवायचा: सीआरएफ (आकडा लहान तितका दर्जा वरचा).

या कामासाठी एक्स२६५ (एच.२६५ कोडेकचं साधन), १० बिट, सीआरएफ २० च्या आसपास, प्रीसेट स्लो, ॲनिमेशनचं ट्यूनिंग. १० बिट घ्यायचं कारण आकाशातल्या त्या पायऱ्या. ८ बिटमध्ये निळा उतार पट्ट्यापट्ट्यांचा होतो आणि तो लपवायला कोडेक जास्त बिट खर्च करतं. मूळ चकती ८ बिटची असली तरी फायदा होतो. एक्यू-मोड ३ अंधाऱ्या दृश्यांना झुकतं माप देतो. ‘ट्रीहाउस ऑफ हॉरर २’ या भागावरच ते तपासा. एसएओ (चित्र गुळगुळीत करणारा टप्पा) बंद ठेवला तर बारीक रेषा जास्त टिकतात. कीफ्रेमचं कमाल अंतर २४०, म्हणजे दहा सेकंद. पुढेमागे उडी मारताना त्रास होत नाही.

जुन्या उपकरणांसाठी आधीच्या पिढीचं एक्स२६४ (एच.२६४) हवं असेल तर ८ बिटच घ्या. १० बिटचं एच.२६४ बहुतेक टीव्ही आणि फोनांच्या चिपला येत नाही. आवाज ऐकू येतो आणि पडदा काळा, ही तक्रार त्याचीच. एव्ही१ हे नवं कोडेक आणखी लहान फाइल देतं. त्याच्यात दाणा काढून टाकून बघताना कृत्रिम दाणा परत शिंपडायची सोय आहे. पण घरात पाच-सहा वर्षांपूर्वीचा टीव्ही असेल तर तिथे ती फाइल चालण्याची आशा धरू नका.

आधी तीनच तुकडे काढायचे, प्रत्येकी दोन मिनिटांचे: शीर्षकदृश्य, रात्रीचं दृश्य, गर्दीचं दृश्य (‘होमर ॲट द बॅट’मधला मैदानावरचा खेळ चांगला). सीआरएफ १८, २०, २२ वर. मूळ आणि नवी फ्रेम आलटून पालटून बघायची. फरक शोधावा लागत असेल तो सर्वांत मोठा आकडा घ्यायचा आणि मग २४ ही भागांना तोच.

सगळं नीट झालं असेल तर चित्राचा सरासरी दर ५०० केबीपीएसच्या (सेकंदाला किलोबिट) आसपास येतो, म्हणजे भागाला ८४ एमबी. काही भाग ७० वर थांबतील, काही १२० वर जातील. जाऊ द्या.

आवाज, जिथे खरी जागा जाते

४४८ केबीपीएसचा ५.१ (सहा चॅनेलचा) ट्रॅक जसाच्या तसा ठेवला तर साडेबावीस मिनिटांना ७५ एमबी. चित्र ८४ आणि आवाज ७५! सगळी रात्र चित्राचे चार एमबी वाचवण्यात घालवून आवाजाकडे ढुंकून न बघणारे पुष्कळ. संवादप्रधान विनोदी मालिकेला ओपस या आवाजाच्या कोडेकमध्ये स्टीरिओ ९६ केबीपीएस भरपूर, १६ एमबी. चकतीवर वेगळा स्टीरिओ ट्रॅक असेल तर तोच स्रोत घ्या. नसेल आणि ५.१ चं स्टीरिओ करायचं असेल तर मधल्या चॅनेलकडे लक्ष ठेवा, संवाद तिथे असतात. नुसतं मिसळलं की संगीत वर येतं आणि संवाद दबतो.

कॉमेंट्री फेकू नका. लेखक-दिग्दर्शक प्रत्येक भागावर बोललेत, आणि स्ट्रीमिंगवर सहसा मिळत नाही ती ही गोष्ट. नुसती बोलणारी माणसं आहेत, ओपस मोनो ३२ केबीपीएस, ५.४ एमबी. ट्रॅकला नाव द्या, आणि ‘डिफॉल्ट’ची खूण त्यावर पडलेली नाही ना, हे बघा. नाहीतर टीव्ही लावला की थेट लेखकच बोलायला लागतात.

८४ अधिक १६ अधिक साडेपाच, साधारण १०६ एमबी. गुणिले २४, अडीच जीबी.

सबटायटल्स चित्ररूपात आहेत. तशीच एमकेव्हीत ठेवली तर काही एमबी, पण एमपी४ मध्ये ती सहसा चालत नाहीत. सबटायटल एडिटसारख्या साधनाने अक्षरओळख करून एसआरटी (साध्या मजकुराची सबटायटल फाइल) केली की काही किलोबाइट उरतात. हमखास चूक एकच: इंग्रजी मोठा ‘आय’ आणि छोटा ‘एल’. दोन्ही नुसत्या उभ्या रेघा. आपोआप दुरुस्ती चालवून झाल्यावरही व्यक्तींची नावं आणि गाण्यांच्या ओळी हाताने वाचाव्या लागतात. एका भागाला वीस मिनिटं धरा. वेळांना हात लावायचा नाही. फ्रेम कमी झाल्या, पण लांबी बदललेली नाही.

ठेवण

लहान फाइल ही बघायची प्रत. संग्रह म्हणजे ते मूळ २४ एमकेव्ही, अंदाजे २४ जीबी. ते पुसून ‘जागा वाचवणं’ हा या प्रकरणातला सर्वांत वाईट सौदा ठरेल, कारण पाच वर्षांनी चांगला फिल्टर आला तर पुन्हा सुरुवात तिथूनच करावी लागते. मूळ प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर. सोबत हॅशची फाइल आणि पार२ ची १० टक्के दुरुस्ती फाइल, म्हणजे अजून अडीच जीबी. वर्षातून एकदा हॅश पडताळायचे. एखादी फाइल बदललेली निघाली तर पार२ ने सावरते. सेटिंगची एक मजकूर फाइलही फोल्डरमध्येच: कुठला फिल्टर, कुठला क्रम, कुठला आकडा. सहा महिन्यांनी स्वतःलाच आठवत नाही.

कायद्याचं दोन वाक्यांत. भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापराला उचित व्यवहार म्हणून जागा देतं, आणि २०१२ मध्ये आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं. अमेरिकेत कुलूप तोडण्यावरच १९९८ च्या कायद्याने बंदी आहे, तिथे राहणाऱ्या मराठी घरांनी ते ध्यानात ठेवावं. फाइली इतरांना वाटणं हे दोन्हीकडे वेगळं आणि सरळ प्रकरण आहे, ते या कामात येत नाही.

एवढं करूनही हा सीझन पुरा होत नाही. २७ जानेवारी १९९२ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी भाषणात सिम्पसन कुटुंबाला टोमणा मारला. तीनच दिवसांनी ‘स्टार्क रेव्हिंग डॅड’चं पुनःप्रसारण झालं, तेव्हा त्याच्यापुढे घाईघाईने बनवलेली नवी छोटी सुरुवात जोडली होती, ज्यात कुटुंब टीव्हीवर ते भाषण बघतं आणि बार्ट उत्तर देतो. भागाच्या मूळ प्रतीत ती नाही. म्हणून ३x०१ च्या फोल्डरमध्ये एक रिकामी जागा नाव घालून ठेवलेली बरी: ‘३x०१ - पुनःप्रसारण सुरुवात - ३० जानेवारी १९९२’. त्या रात्रीची कुणाची व्हीएचएस टेप हाती लागली तर ती तिथे जाईल, आणि त्या टेपला पुलडाऊनचा ताल पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागेल.